उजव्या हाताचं बीपी

कोणाचाही हात हातात आला की माझं बोट आपोआप त्याच्या मनगटावर सरकतं. नातीचा हात धरून रस्ता ओलांडताना, देवळाच्या पायरीवर एखाद्या म्हातारीला आधार देताना, लग्नात कोणी जेवायला ओढून नेताना. तोंडानं गप्पा चालू असतात आणि खाली बोट नाडी शोधत असतं. लागली की जीव भांड्यात पडतो. मागच्या हिवाळ्यात एका विहीणबाईंची पटकन लागली नाही, तर मी त्यांचा हात सोडेचना. त्यांना वाटलं मला गहिवरून आलंय. त्याही डोळे पुसायला लागल्या. आता त्यांना काय सांगणार, कपाळ माझं.

ही खोड मला प्रमिला गावंडेनं लावली. ती जाऊन दोन उन्हाळे झाले. खोड काही जात नाही.

दिग्रसच्या मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवायची आणि ती पीटी. माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी ती आली. बाभुळगावकडच्या एका खेड्यातली, कापूस-तुरीच्या घरातली पोरगी. कॉलेजात खो-खो खेळलेली. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये आली ती साडीखाली कॅनव्हासचे पांढरे बूट घालून. आमच्या मोठ्या मॅडमनी, म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंनी, बुटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "चपलीनं धावता येत नाई, मॅडम." विषय संपला. पुढं तिच्या मुलाच्या लग्नातही ती त्याच बुटांत आली असती, पण मूलच झालं नाही, आणि त्याबद्दल ती कधी बोलली नाही. शाळेतल्या सगळ्या मुलींना "माह्या पोट्ट्या" म्हणायची, तेवढंच.

मला या पीटीच्या लोकांचा मूळचा राग. माझ्या प्रयोगशाळेची खिडकी मैदानावर उघडायची. मी फळ्यावर फुलाचा उभा छेद काढतेय आणि बाहेरून हिची शिट्टी. वर्गातल्या माना एकसाथ खिडकीकडे. एक दिवस मी तरातरा खाली गेले आणि म्हटलं, "गावंडे मॅडम, शिट्टी जरा हळू वाजवता येते का?"

ती म्हणाली, "हळू वाजवली तं पोट्ट्या थांबत नाईत. जोरात वाजवली तं तुमी येता. काय करू, तुमीच सांगा."

मला हसू आवरेना आणि हसायचं तर मुळीच नव्हतं. तशीच तोंड दाबून परत आले. त्या दिवसापासून ती मला ताई म्हणायला लागली आणि मी तिला अगं-तुगं.

ती खुर्चीवर बसायची नाही. चहासुद्धा उभ्यानं, खिडकीला टेकून, एक डोळा मैदानावर ठेवून. स्वतःचा डबा उघडायच्या आधी सगळ्यांच्या डब्यातला एकेक घास उचलायची. "बघू, मिठाले कसं झालं," असं म्हणायचं आणि सांबारवडी, आमच्याकडची कोथिंबीरवडी, गट्ट. आम्ही घरूनच तिच्या वाटणीची एक जास्त आणायचो. पर्समध्ये आरसा-पावडर काही नाही, सेफ्टी पिना, बुटाच्या नाड्या आणि गूळ-फुटाण्यांची पुडी. एखादी पोरगी मैदानात पडली, गुडघा फुटला, भोकाड पसरलं, की ही लांबूनच ओरडायची, "पयले पळ, मंग रड." पोरगी पळायची. डाव संपला की तिला जवळ घेऊन गुडघा धुऊन द्यायची, आणि म्हणायची, "हं, आता रड." तोवर रडू कुठं राहिलेलं असतं.

नाडीचं तिनंच काढलं. म्हणाली, "ताई, माह्या टीमले नाडी मोजाले शिकवा. धावल्यावर कलेजा किती उडते आणि किती वेळानं जाग्यावर येते, हे त्यायचं त्यायले समजलं पाह्यजे." मला कौतुक वाटलं. एवढी वर्षं मी हृदयाचे चार कप्पे फळ्यावर रंगवत होते, पण कोणाला स्वतःच्या मनगटाला हात लावायला सांगितलं नव्हतं.

मैदानावर जोड्या लावल्या. एकमेकींचं मनगट धरायचं, मी घड्याळ बघणार. रजनी नावाची एक काळीसावळी, गंभीर पोरगी एकटी उरली. प्रमिलाच्या उजव्या हातात शिट्टी, तिनं डावा हात रजनीच्या पुढं केला. वेळ सुरू झाली. सगळ्या पोरी ओठ हलवत मोजायला लागल्या. रजनी नुसतीच उभी.

"मॅडम, तुमची लागूनच नाई राह्यली."

"मंग मी मेली का?" प्रमिला म्हणाली. पोरींचं हसून हसून मोजणं चुकलं. सगळ्यात जास्त तीच हसत होती. रजनी हसली नाही. तिनं पुन्हा बोटं दाबली, जागा बदलली, आणि माझ्याकडे पाहिलं. मी गेले. इथं दाबलं, तिथं दाबलं, कोपराच्या आत दाबलं. काही नाही. हात थंड, पाण्यातून काढल्यासारखा. मी उजवा धरला, तर तिथं धडधड चाललेली, नुकती धावून आली होती ना. पुन्हा डावा. पुन्हा काही नाही. समोर ही बाई हसतेय, दात दिसताहेत, कपाळावर घाम आहे, आणि माझ्या हातातला तिचा हात मेलेल्या माणसाचा.

"राहू द्या वो ताई," तिनं हात ओढून घेतला. "कलेजा गावाले गेला अशीन माह्या मायकडे."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मग एकेक आठवायला लागलं. दोरीवर कपडे वाळत घालताना डावा हात भरून येतो, अशी तिची तक्रार होती. चार-सहा महिन्यांत गाल बसले होते. संध्याकाळी अंगात कणकण असायची, आम्ही म्हणायचो मैदानावरच्या उन्हानं. मी मागंच लागले. ती टाळत राहिली. शेवटी प्रार्थनेच्या वेळी रांगेसमोर चक्कर येऊन पडली, तेव्हा तिचे मिस्टर, सुधाकरराव, तिला नागपूरला घेऊन गेले. सुधाकरराव पोस्टात होते. इतका मवाळ माणूस की रिक्षावाल्यालाही अहो-जाहो करणार. जाताना मला म्हणाले, "तुमीबी चला, ताई. मले डॉक्टर काय बोलते ते आयकू येते, पण समजत नाही."

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. शरीराची राखण करणारी जी फौज असते, ती तिच्याच मोठ्या रक्तवाहिन्यांवर उलटली होती. वाहिन्यांच्या भिंती सुजून आतली वाट अरुंद झाली होती. डाव्या हाताला जाणारी तर जवळपास बंदच, म्हणून नाडी लागत नव्हती. आजाराला कोण्या जपानी डॉक्टरचं नाव होतं. प्रमिलानं ते कधी उच्चारलं नाही. जपानी पाहुणा म्हणायची. "पाहुणा आला, जाचं नावच घेत नाई."

बाईंनी दोन गोष्टी बजावल्या. पहिली, हिचं बीपी डाव्या हाताचं कधी धरायचं नाही. त्या हातात रक्तच कमी पोचतं, तर आकडा कमीच येणार, आणि आपल्याला वाटणार सगळं छान आहे. खरं बीपी उजव्या हाताचं. आणि ते वाढलेलं होतं. दुसरी गोष्ट त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितली. "स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आजार आवरेल. पण त्याच गोळ्यांनी वजन वाढेल, साखर वाढेल, चरबी वाढेल. सूज येऊन गेलेल्या वाहिन्यांत ते लवकर साचतं, पाटात गाळ साचतो तसं. आजार शांत झाला म्हणून निश्चिंत राहू नका. पुढची भीती हृदयाची आहे."

सुधाकररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे समजलं म्हणून. प्रमिला पायातल्या बुटाची नाडी बांधत होती.

गोळ्यांनी गुण दिला. ताप गेला, भूक लागली, डाव्या हातातही थोडी धुगधुगी आली, यंत्राला आकडा मिळेल एवढीच. आणि प्रमिला भरायला लागली. बसलेले गाल वर आले, मग गोल झाले, मग इतके गोल झाले की डोळे बारीक दिसायला लागले. मानेमागं मांस चढलं. आणि आमचं गाव खूश. इथंच सगळ्यांची गफलत झाली बघा. आपल्याकडे बारीक बाई म्हणजे आजारी आणि भरलेली म्हणजे बरी. त्या वर्षीच्या संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. ही आत आली आणि बायकांचा गलका उठला.

"काय तब्येत भरली वो मॅडम तुमची."

"सासर मानवलं म्हणा, एवढ्या वर्षानं."

"नजर लागीन, काजळ लावा."

प्रमिला हसत होती. कोणी तिच्या हातात तिळाची वडी ठेवली, कोणी लाडू. शेजारच्या काकूंनी घरून पुरणपोळी आणली होती, ती तुपाच्या वाटीसकट पुढं केली. "खा माय, आजारातून उठली तू." हिनं पोळी तुपात बुडवली. त्या आठवड्यातच तिची साखर वाढलेली निघाली होती, मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. माझा राग नाकावर. मी सरळ ती वाटी उचलली आणि म्हटलं, "ही तब्येत नाही, ही गोळ्यांची सूज आहे. तुम्ही सगळ्या मिळून तिला माराल."

काकूंचं तोंड एवढंसं झालं. प्रमिलानं माझ्या हातातली वाटी परत घेतली, काकूंसमोर ठेवली, आणि शांतपणे म्हणाली, "सणाच्या दिवशी असं बोलू नाई, ताई. थ्या मायेनं देऊन राह्यल्या." तीन-चार दिवस काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. प्रमिला दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यातला घास उचलायला आली. मी डबा मिटला. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मला तेव्हा फार वाईट वाटलं. पण डबा मी उघडला नाही.

असं दोन-तीन वर्षं चाललं. नागपूरच्या प्रत्येक फेरीत डॉक्टरीणबाई सांगायच्या, आजार शांत आहे. प्रमिला तेवढंच ऐकायची. घरी येऊन सगळ्यांना तेच सांगायची. साखरेचं, चरबीचं, उजव्या हाताच्या बीपीचं जे पुढं सांगितलेलं असायचं, ते तिच्या कानाशी येऊन परत जायचं. बीपीच्या गोळ्या घ्यायची, पण आठवणीनं नाही, मनात आलं तर. एकदा मी म्हटलं, "आजार नाही मारणार तुला, हे बाकीचं मारेल." ती म्हणाली, "जपानी गेला ना? मंग गावातल्याले काय भ्याचं."

मग ते शिबिराचं झालं. टीम जिल्ह्याच्या स्पर्धेला यवतमाळला जायची होती. बऱ्याच वर्षांनी तिची टीम इतकी तयार झाली होती. आदल्या महिन्यात मैदानावर तिला धाप लागून खाली बसावं लागलं होतं, ते मोठ्या मॅडमनी पाहिलं. त्या म्हणाल्या, "शाळेत तपासणीचं शिबिर आहे. डॉक्टर तुम्हाला फिट म्हणाले तरच टीमबरोबर जा. नाहीतर मी दुसऱ्या कोणाला पाठवते."

शिबिर आमच्याच वर्गात होतं. एक कोवळा डॉक्टर, समोर बीपीचं यंत्र, आणि बायांची रांग. तुम्ही कधी पाहा, आपल्याकडे सुई, सलाईन, बीपी, सगळ्याला बाई डावा हातच पुढं करते. उजवा कामाचा, जेवायचा, तो मोकळा पाहिजे. रांगेतली प्रत्येक बाई येत होती, डाव्या हातातल्या बांगड्या वर सारत होती आणि हात टेबलावर ठेवत होती. त्या डॉक्टरला वेगळं काही विचारायचं कारणच नव्हतं. प्रमिलाचा नंबर आला. तीही बसली. तिनंही डाव्या हातातल्या बांगड्या वर सारल्या.

मला वाटलं सवयीनं. मी मागून म्हटलं, "प्रमिला, उजवा."

तिनं मागं पाहिलं नाही. पट्टा फुगला, यंत्र गुरगुरलं, आकडा आला. डॉक्टर खूश होऊन म्हणाला, "एकदम मस्त, मॅडम. खेळाडू आहात ना." ती उठली आणि माझ्या डोळ्याला डोळा न देता बाहेर गेली. तेव्हा मला कळलं, ही विसरलेली नव्हती.

स्टाफरूममध्ये मी तिला गाठलं. नशीब, दुसरं कोणी नव्हतं. मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही, पण आवाज चढला होता. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उजवा हात मले रोज शिव्या देते, ताई. डावा एकटाच चांगलं बोलते. त्याचं एक डाव आयकलं तं काय बिघडलं?"

"त्याचं ऐकून मरशील तू."

"मरीन तं मैदानावर मरीन. घरी बसून भाकर मोजून खाऊन नाई मराची मी."

मी त्याच संध्याकाळी पोस्टात गेले आणि सुधाकररावांना सांगितलं. मोठ्या मॅडमनाही सांगितलं. गुपचूप नाही, तोंडावर, आणि प्रमिलालाही कळवलं की मी सांगितलंय. आजही तेच करीन. टीमबरोबर दुसऱ्या बाई गेल्या. सकाळी बसस्टँडवर पोरींना पोचवायला प्रमिला आली होती. एकेकीची वेणी ओढून बघत होती, बुटाच्या नाड्या दोनदा बांधून देत होती. गाडी हलल्यावर माझ्यासमोरून जाताना एवढंच म्हणाली, "माह्या पोट्ट्या नेल्या तुमी." पोरी उपांत्य फेरीत हरून आल्या. ती मैदानावर असती तर जिंकल्या असत्या, असं गावात सगळे म्हणाले. मलाही तसंच वाटतं.

मग अबोला. स्टाफरूममध्ये मी आले की ती उठून, म्हणजे उभीच असायची, बाहेर जायची. पण त्या रागात एक झालं. मला दाखवून द्यायचं म्हणून ती सुधारली. कोणाच्या डब्याला हात लावेना. गोळ्या वेळेवर. सणाला काकूंनी पोळी दिली तर अर्धी मोडून परत. पहाटे उठून पुसदच्या रस्त्यानं चालायला लागली. पाठमोरी ओळखू यायची, ते पांढरे बूट. मी अंतर ठेवून मागून चालायची. ती वेग वाढवायची, मग मला धाप लागायची.

पावसाळा संपता संपता एके सकाळी माझ्या फाटकाशी उभी. "चला, ताई. मले एकटीले चालाचा कंटाळा येते." जणू मधले महिने झालेच नव्हते. मीही काही काढलं नाही.

त्या रस्त्यावर ती जे बोलली ते शाळेत कधी बोलली नव्हती. एकदा कपाशीच्या शेताशी आम्ही दम खायला थांबलो होतो. ती म्हणाली, "ताई, मी आता कुशीवर झोपतच नाई. उशीवर कान ठेवला का कलेजाचा आवाज येते. मले वाट्टे कोणी जिना चढून राह्यलं. वर येतच नाई, नुसतं चढूनच राह्यलं. मी वाट पाहत राह्यते."

मी काहीतरी समजुतीचं बोलले असेन. त्या दिवसापासून मीही उताणी झोपते. चुकून कूस वळली आणि उशीत तो आवाज आला की उठून बसते. म्हणजे तिचा जिना आता माझ्याकडे आहे.

सगळं ऐकायला लागली, पण एक गोष्ट मात्र अखेरपर्यंत सुटली नाही. आकडा ऐकायची नाही. सुधाकररावांनी यंत्र घेतलं होतं. रोज सकाळी ते उजव्या हाताला पट्टा बांधायचे आणि ही तोंड भिंतीकडे करायची. "मले सांगू नका. कमी असो का जास्त, तुमच्यापाशीच ठेवा." ते अंगणात येऊन मला फोन करायचे. "ताई, आज बरं आहे." किंवा, "ताई, आज जरा जास्त आहे, काय करू?" तिच्या हृदयाची खबर अशी घरच्या घरी चोरून जायची. मी एकदा रागावले तिच्यावर, आकड्याला काय भ्यायचं. ती म्हणाली, "तुमी परीक्षेचा पेपर देणाऱ्या. मले निकाल नाई पाहवत."

पुढच्या वर्षी मोठ्या मॅडमनी तिला टीमबरोबर पाठवलं, डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारून. पोरी जिंकल्या. परत आल्यावर तिनं मला उचलायचा प्रयत्न केला, स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर. मी किंचाळले. त्या वर्षी वजन उतरलं होतं, साखर आवरली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चालू ठेवा, पण आधीची वर्षं आहेतच, लक्ष असू द्या. आम्ही तिघंही त्या दिवशी नागपूरहून हसत आलो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, एका रविवारी सकाळी, सुधाकररावांचा फोन आला. मला वाटलं रोजचाच. ते म्हणाले, "ताई, प्रमिलाचा जबडा दुखून राह्यला. पित्त झालं म्हणते. घाम लय आला." मी तशीच धावले. ती पलंगावर बसली होती, खुर्चीवरही कधी न बसणारी ती. मला बघून म्हणाली, "काही नाई वो, उपाशीपोटी गोळ्या घेतल्या." गावातल्या डॉक्टरनी हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, तोंडात गोळी दिली आणि म्हणाले, थांबू नका, यवतमाळ गाठा.

दारव्ह्याच्या रस्त्यानं गाडी निघाली. सुधाकरराव ड्रायव्हरशेजारी. मी मागं, तिच्या उजव्या बाजूला बसले, मुद्दाम. पूर्ण रस्ता तिचं मनगट माझ्या हातात. नाडी होती, पण जशी असायची तशी नव्हती. बारीक, घाईची, मधेच चुकणारी. ती डोळे मिटून होती. एकदा म्हणाली, "मोजून राह्यल्या का?" मी म्हटलं, नुसता हात धरलाय. तिनं मान हलवली.

यवतमाळच्या दवाखान्यात तिला आत घेतलं. आत एकालाच सोडत होते, सुधाकररावांनी मला पाठवलं, त्यांना डॉक्टरांचं बोलणं समजत नाही म्हणून. धावपळ चालली होती. एका सिस्टरनं झटकन डाव्या हाताला पट्टा गुंडाळला. तिचं काय चुकलं, सगळे तोच हात देतात. मी सांगायला तोंड उघडलं, पण त्याआधीच प्रमिलानं उजव्या हातानं तो पट्टा ओढून काढला. सिस्टर म्हणाली, "अहो, हलू नका." प्रमिलाला बोलायला दम नव्हता. तिनं उजवा हात उचलून सिस्टरच्या पुढं धरला, तिला पट्टा बांधता येईपर्यंत तसाच धरून ठेवला. ज्या बाईनं इतकी वर्षं या हाताचं तोंड पाहायचं टाळलं, ती तो स्वतःहून देत होती. तिला जगायचं होतं. मला दुसरं काही त्या क्षणी दिसलं नाही, तेवढंच दिसलं.

आकडा आला. मी यंत्राकडे पाहिलं. उजव्या हाताचा आकडा मी इतकी वर्षं ऐकत आले होते, कधी बरा, कधी जास्त, कधी फार जास्त. आज तो कमी होता. शंभराच्या खाली, बराच खाली. मी पोरींना शिकवलंय ना सगळं, हृदयाला ढकलायचं बळ उरलं नाही की दाब पडतो. सिस्टर डॉक्टरांना हाका मारत पळाली.

प्रमिला माझ्याकडे बघत होती. तोंड भिंतीकडे केलेलं नव्हतं.

"किती आलं?"

मी तिच्या दंडावरचा पट्टा सोडायला लागले.

"खरं सांगा, ताई."

"खाली आलंय," मी म्हटलं. "खूप खाली."

"म्हंजे चांगलं आलं?"

"नाही प्रमिला. चांगलं नाही आलं."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. रडली नाही, घाबरली नाही. म्हणाली, "बरं." थोडा दम घेतला. "यायले आताच नका सांगू. पयले चहा पाजा त्यायले. सकाळपासून कायीच नाई घेतलं त्यायनं."

मग डॉक्टर आले, मला बाजूला केलं, आणि तिचं स्ट्रेचर आतल्या दारातून नेलं.

बाहेर सुधाकरराव भिंतीला टेकून उभे होते. मला पाहून पुढं आले. "ताई, उजव्याचंच घेतलं ना? किती आलं?"

मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "चला, आधी चहा घेऊ."